नीतीचे निरपवाद नियम असतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीतिशास्त्रावर लिहायला आणि बोलायला लागल्यापासून कराड, विटा, तासगाव, वाई, कोरेगाव, मिरज अशा ठिकाणांहून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ओळख पटेल असा तपशील मात्र काढून टाकला आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. निरपवाद नैतिक नियम म्हणजे नेमकं काय? सोप्या शब्दांत सांगा.

जो नियम कुणीही, कुठेही, कधीही, कुठल्याही कारणासाठी मोडला तरी चूकच ठरते, तो निरपवाद. पतंजलीच्या योगसूत्रांत दुसऱ्या पादातल्या 31व्या सूत्रात ही कल्पना फार नेमकी आली आहे. अहिंसा, सत्य वगैरे यम जेव्हा जात (इथे अर्थ प्राण्याचा प्रकार), देश, काळ आणि समय, म्हणजे ठरावीक प्रसंग, यांनी मर्यादित नसतात, तेव्हा त्यांना महाव्रत म्हणायचं. त्यावरच्या व्यासभाष्यात कोळ्याचं उदाहरण आहे. तो मासे सोडून दुसरं काही मारत नाही. ही त्याची अहिंसा जातीनं मर्यादित. कुणी तीर्थाच्या ठिकाणी मारत नाही, कुणी चतुर्दशीला मारत नाही. आपल्याकडे सोमवारी, गुरुवारी किंवा एकादशीला मटण न शिजवणारी घरं गावोगाव आहेत. त्यांचा नियम खराच आहे, पण तो वारापुरता आहे.

तीन वेगळे प्रश्न इथे नेहमी एकत्र कालवले जातात. एक, अमुक गोष्ट सगळे लोक मानतात का? दोन, कुणी मानो न मानो, ती खरी आहे का? तीन, ती निरपवाद आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचंही 'नाही' येत नाही. आणि दुसऱ्याचं 'हो' आलं तरी तिसऱ्याचं 'नाही' येऊ शकतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ही फोड लागेल.

2. आधी सरळ सांगा, असे नियम आहेत की नाहीत?

आहेत, पण फार थोडे. मजेसाठी किंवा माहिती काढण्यासाठी कुणाला यातना देणं. बलात्कार. माणसाची खरेदी-विक्री. समोरचा निरपराध आहे हे ठाऊक असून त्याला शिक्षा करणं. जन्मावरून एखाद्याला माणसापेक्षा कमी ठरवून तसं वागवणं. यांतल्या एकाही गोष्टीला 'पण त्या परिस्थितीत ते योग्यच होतं' असं म्हणता येईल असा प्रसंग मला आजवर कुणी दाखवलेला नाही, आणि मी तो मागत आलो आहे.

या यादीत एक गोष्ट लक्षात घ्या. सगळे नियम 'करू नका' असे आहेत, 'करा' असा एकही नाही. तसं का, ते प्रश्न 11 मध्ये. आणि सत्य बोलणं, शब्द पाळणं, चोरी न करणं, वडीलधाऱ्यांचं ऐकणं यांतलं काहीच यादीत नाही. ती कर्तव्यं आहेतच, काही तर फार बळकट आहेत. पण त्यांना अपवाद आहेत.

3. आमच्यात दहन करतात, शेजारच्या लिंगायत कुटुंबात दफन. दोघंही आपलंच बरोबर म्हणतात. मग नीती ज्याची त्याची असंच झालं ना?

नाही. दोन्ही घरांत मृतदेहाचा मान राखायचा हे एकच तत्त्व आहे, तो राखायची रीत वेगळी आहे. तुमच्या शेजाऱ्यांनी आजोबांचा देह उकिरड्यावर टाकला असता तर तुम्ही 'त्यांची रीत' म्हणून गप्प बसला नसता, आणि तेही बसले नसते. चालीरीतींतले बरेचसे फरक असे वरवरचे असतात.

सगळेच मात्र तसे नसतात, हेही मान्य करायला हवं. काही मतभेद खरोखर मुळापासूनचे असतात. तरीही मतभेद आहे म्हणजे उत्तरच नाही, असं होत नाही. एखाद्याच्या आजाराबद्दल दोन डॉक्टरांचं पटत नसेल, तर त्याला आजारच नाही असं आपण म्हणत नाही.

4. पूर्वी जे योग्य होतं तेच आज अयोग्य झालं. म्हणजे नीती काळाप्रमाणे बदलते, हे तरी मान्य कराल?

लोकांची समजूत बदलते, हे मान्य. 'पूर्वी ते योग्य होतं' हे मात्र मला मान्य नाही. याचं कारण सातारकरांना दुसरीकडे शोधायला जावं लागत नाही.

7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं गेलं. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. वर्गात त्याला कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, स्वतःच्या घरून आणलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यायचं आणि परत आणायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आता 'ज्या त्या काळाची नीती' या मताप्रमाणे बोलून पाहा. साताऱ्यातल्या बहुसंख्य लोकांना तेव्हा ते योग्य वाटत होतं. म्हणजे ते योग्य होतं. म्हणजे जोतीराव फुले आणि त्यांच्यानंतरचे सगळे सुधारक, समाजाच्या मताविरुद्ध गेले म्हणून, त्यांच्या काळापुरते अनीतीनं वागत होते, आणि लोकांची मतं बदलली त्या दिवसापासून ते नीतिमान झाले. हे कुणाला पटेल? मला पटत नाही. ते गोणपाट 1900 सालीही चूकच होतं. गावात कुणालाही तसं वाटलं नसतं, तरी चूकच राहिलं असतं.

सुधारणा या शब्दाला अर्थ यायचा तर आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही समजुती ज्यावर तोलता येतील असं काहीतरी त्यांच्या बाहेर असावं लागतं. सापेक्षतावादाला, म्हणजे नीती ज्या त्या काळाची, ज्या त्या समाजाची असं मानणाऱ्या मताला, फक्त 'बदल झाला' म्हणता येतं, 'बरं झालं' म्हणता येत नाही.

5. दुसऱ्या समाजाच्या रूढींना चूक म्हणणारे आपण कोण?

हा प्रश्न बहुतेक वेळा चांगल्या मनानं विचारला जातो, त्यात आढ्यता टाळायची इच्छा असते. पण जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्या कुटुंबाच्या दारात उभे राहून तो विचारून पाहा. किराणा नाही, पाणी नाही, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. 'त्यांच्या समाजाचा अंतर्गत मामला' म्हणताना आपण त्या समाजातल्या बळकटांची बाजू घेतो आणि दुबळ्यांना वाऱ्यावर सोडतो. ज्यांना वाळीत टाकलं तेही त्याच समाजाचे असतात. महाराष्ट्रानं 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यामागे साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या चळवळीचे कष्ट आहेत.

शिवाय 'कुणी कुणाला चूक म्हणू नये' हाही सर्वांना लागू केलेला नियमच आहे. तो निरपवाद मानायचा असेल, तर निरपवाद नियम नसतात हे म्हणणं सोडावं लागेल.

6. देव मानला नाही तर हे नियम टिकतात का? आणि मानला तर पोथीत आहे ते पुरेसं नाही का?

देवानं सांगितलं म्हणून क्रूरपणा वाईट, की वाईट आहे म्हणून देवानं नको म्हटलं? पहिलं मानलं तर उद्या देवानं उलट सांगितल्यावर क्रूरपणा चांगला ठरेल, आणि हे कुठलाही भाविक मानणार नाही. दुसरं मानलं तर वाईटपणा त्या आज्ञेच्या आधीपासून आहे, आणि तो नास्तिकालाही दिसू शकतो. सॉक्रेटिसाच्या तोंडी हा प्रश्न प्लेटोनं घातला, त्याला दोन हजारांहून अधिक वर्षं झाली.

पोथीबद्दल एवढंच. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांच्या संग्रहाचं, काम उभं राहिलं. त्याचे खंड चाळले की एकाच प्रश्नावर किती वेगवेगळी वचनं आहेत ते समोर येतं. त्यांतलं कुठलं घ्यायचं हे ठरवताना पोथीबाहेरची बुद्धी लागतेच. मनुस्मृतीसुद्धा धर्माची लक्षणं सांगताना वेद, स्मृती आणि सदाचार यांच्या पुढे चौथं लक्षण 'स्वस्य च प्रियमात्मनः' असं देते, म्हणजे आपल्या अंतःकरणाचा कौल. याच ग्रंथात जन्मावरून माणसांची उतरंडही आहे, आणि ती प्रश्न 2 मधल्या यादीपुढे टिकत नाही. श्रद्धा असलेल्यांनी ती सोडावी असं मी म्हणत नाही. पण 'पोथीत आहे' एवढ्यावर कुणाचं नुकसान करायचा हक्क कुणालाच मिळत नाही.

7. आईला कॅन्सर आहे. मिरजेला दाखवलं, रिपोर्ट आम्ही कपाटात ठेवलेत आणि तिला 'गाठ साधी आहे' म्हणून सांगितलंय. आम्ही पाप करतोय का?

या विषयावर सगळ्यात जास्त पत्रं अशीच येतात. लिहिणारी बहुधा मुलगी किंवा सून असते.

खोटं कधीच बोलू नये, अगदी खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी नाही, असं जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं 1797 मध्ये लिहिलं. त्याचं म्हणणं मला पटत नाही, आणि आपल्या परंपरेलाही ते पटलेलं नव्हतं. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. त्याचं सत्याचं व्रत. लुटारूंपासून पळालेली माणसं रानात लपली, लुटारूंनी त्याला विचारलं, आणि त्यानं खरं सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो. टिळकांनी गीतारहस्यात सत्य, अहिंसा अशा नियमांच्या अपवादांसाठी एक मोठं प्रकरण खर्ची घातलं, ते याच अडचणीमुळे.

प्रश्न 4 मधल्या बाबासाहेबांच्या त्याच आठवणींत 1901 सालचा एक प्रवास आहे. नऊ वर्षांचा मुलगा, भाऊ आणि भाचे यांच्यासोबत वडिलांना भेटायला निघालेला. मसूर स्टेशनवर कुणी गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, बैल या पोरांनीच हाकायचे आणि गाडीवानानं सोबत पायी चालायचं. डबा जवळ होता, पण पाणी नव्हतं म्हणून तो खाता येईना. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचं, तर गाडीवानानं सुचवलं, मुसलमान आहोत म्हणून सांगा. त्या मुलानं नाकेदाराशी उर्दूत बोलून पाणी मागितलं. तरीही मिळालं नाही. त्या पोरानं आपली जात लपवली यात अनीती होती असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्याला सत्य जाणून घ्यायचा हक्कच नाही आणि जो ते हाती आल्यावर इजा करणार, त्याला सत्य न सांगणं ही फसवणूक ठरत नाही.

आता तुमच्या आईकडे येऊ. त्या खुनी नाहीत, नाकेदार नाहीत. देह त्यांचा, आजार त्यांचा, उरलेले दिवस त्यांचे. सत्यावर सगळ्यात पहिला हक्क त्यांचाच आहे. म्हणून वरचे अपवाद तुमच्या कामाला येत नाहीत. डब्ल्यू. डी. रॉस या तत्त्वज्ञानं 1930 मध्ये मांडलं की आपल्यावर एकाच वेळी अनेक कर्तव्यं असतात, खरं बोलण्याचं, दुःख न देण्याचं, उपकार स्मरण्याचं. ती भिडली तर त्या प्रसंगी कुठलं जड ते बघावं लागतं. 'ती खचेल' ही भीती खरी आहे, तिचं वजन आहे. पण ते वजन तुम्हाला सांगायची वेळ, जागा आणि शब्द निवडायची मुभा देतं, कायमचं लपवायची नाही.

मी काय करा म्हणेन? आधी त्यांनाच विचारा, 'आई, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं तुला सांगू, की आम्हीच बघून घेऊ?' अनेक आया तेव्हाच म्हणतात, 'मला कळलंय गं, तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही.' त्यांनी 'तुम्हीच बघा' म्हटलं, तर तुम्ही फसवत नाही आहात. त्यांनी हक्क तुमच्याकडे सोपवला आहे. केमोला पाठवताना 'सलाईन आहे' म्हणून सांगू नका. हे पाप की काय, तो शब्द मी वापरणार नाही. तुम्ही मायेपोटी केलंत. फक्त आता पुढे नेऊ नका.

8. मग 'नरो वा कुंजरो वा' योग्यच म्हणायचं की?

युधिष्ठिराचे शब्द तपासले तर ते जवळपास खरे होते, आणि तरी ती फसवणूक होती. द्रोणाचार्यांनी त्यालाच का विचारलं? हा खोटं बोलणार नाही, या भरवशावर. तो भरवसाच हत्यार म्हणून वापरला गेला. महाभारतकारांनीही त्याला सोडलेलं नाही. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. युद्ध जिंकणं गरजेचं होतं की नाही हा वेगळा वाद आहे. शब्द खरे ठेवून मनुष्य फसवता येतो, एवढं मात्र इथून नक्की समजतं. प्रश्न 7 मधल्या आईला 'गाठ आहे' एवढंच सांगणं याच जातीचं आहे.

9. आम्ही जैन, धंदा द्राक्षबागेचा. छाटणीपासून माल निघेपर्यंत फवारण्या चालूच. उडद्या, मिलीबग मारतो आणि देवळात अहिंसेचं प्रवचन ऐकतो. हा ढोंगीपणा नाही का?

मिरज, वाळवा, तासगाव भागातून हा प्रश्न सतत येतो, आणि विचारणाऱ्याचा सूर खरंच दुखावलेला असतो.

याचा विचार तुमच्या परंपरेनं इतरांपेक्षा बारकाईनं केला आहे. मुनींचं महाव्रत वेगळं आणि गृहस्थाचं अणुव्रत वेगळं. गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, म्हणजे मारायच्याच हेतूनं केलेली, आरंभी, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट यांत होणारी, उद्योगी, म्हणजे शेती-व्यवसायात होणारी, आणि विरोधी, म्हणजे स्वतःचं किंवा आश्रितांचं रक्षण करताना होणारी. गृहस्थानं संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडायची, बाकीच्या तीन होता होईल तेवढ्या कमी करायच्या. म्हणजे निरपवाद नियम आहे आणि तो हेतूच्या पातळीवर बांधलेला आहे. दोन हातांनी पोट भरणाऱ्या माणसाला पाळता येईल असा नियम करायचा आणि तरी त्यात पळवाट ठेवायची नाही, ही गोष्ट सोपी नाही. कांटच्या अडेल उत्तरापेक्षा मला ही मांडणी जास्त शहाणी वाटते.

अर्थात फवारणीत कीड मारायचाच हेतू असतो, मग ती उद्योगी कशी, असा आक्षेप घेता येतो, आणि तो पोकळ नाही. त्यावर उत्तर असं देतात की हेतू घड वाचवायचा आहे. कीड औषधाविना गेली असती तर तुम्ही औषध मारलं नसतं. मला हे उत्तर पटतं, पण एका अटीवर: औषधाविना जाण्याचे मार्ग तुम्ही खरोखर वापरून पाहिलेले असले पाहिजेत. कॅनॉपी, म्हणजे वेलीवरची पानांची दाटी, मोकळी ठेवणं, चिकट सापळे, मित्रकीटक, गरज नसताना शेजाऱ्यानं मारलं म्हणून मारायचं नाही.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या बागेतला मोठा नैतिक प्रश्न उडद्याचा नाही. ब्लोअर चालू असताना तोंडाला नुसता पंचा बांधून मागे राबणारा गडी, आणि काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर, न पाळता बाजारात गेलेला माल खाणारं कुणाचं तरी पोर, हा आहे. तिथे 'उद्योगी' म्हणून सुटका नाही. परदेशी जाणाऱ्या मालातला औषधाचा उर्वरित अंश तपासायचा आणि इथल्या बाजाराला काहीही चालतं म्हणायचं, यात दोन माणसांच्या दोन किमती लावल्या जातात.

10. प्रतिसरकारनं लोकांना पत्री मारली. तुमच्या यादीप्रमाणे क्रांतिकारक चुकीचे ठरतात का?

1943 ते 1946 या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याच्या बऱ्याच भागासह, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, चाललं. न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती. दरोडेखोर, बायकांवर अत्याचार करणारे, सावकारी जुलूम करणारे आणि इंग्रजांचे खबरे यांना शिक्षा झाल्या. तळपायांवर मार देणं, म्हणजेच पत्री, ही त्यांतली एक. कुंडल, येडेमच्छिंद्र भागातल्या अनेक घरांत या आठवणी अभिमानानं सांगितल्या जातात, आणि त्या अभिमानात मीही सहभागी आहे.

परक्या सत्तेविरुद्ध बळ वापरणं माझ्या निरपवाद यादीत बसत नाही. ते समर्थनीय असू शकतं, आणि इथे होतं असं माझं मत आहे. गांधीजींच्या अनुयायांपैकी अनेकांना ते मान्य नव्हतं, त्यांच्या मताचा मी आदर करतो. खटला ऐकून गुन्हेगाराला शिक्षा करणं हेही यादीबाहेर. पण जखडलेल्या माणसाला मारहाण करणं या गोष्टीपाशी मी थांबतो. तिथे प्रत्येक प्रकरणात विचारायला हवं: आरोप शाबीत झाला होता का, की कुणाचं जुनं वैर फेडलं गेलं? जिथे निरपराधाला मार बसला असेल तिथे ती चूकच, कुणाच्याही हातून. ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांना हा प्रश्न विचारल्यानं त्यांचं मोठेपण जात नाही. छळाबद्दल आणखी प्रश्न 13 मध्ये.

11. दोन निरपवाद नियम एकमेकांना भिडले तर काय? एक पाळायचा तर दुसरा मोडणार.

सगळे निरपवाद नियम 'करू नका' असे असतील तर भिडणं होतच नाही. छळ न करणं, बलात्कार न करणं, माणूस न विकणं हे सगळं एकाच वेळी पाळता येतं, अगदी झोपेतही. 'करा' प्रकारचे नियम मात्र भिडतात: दोन माणसं बुडत आहेत आणि पोहणारा एकच. म्हणून यादी छोटी आणि नकारी ठेवली आहे.

12. एकाला मारून पाच जण वाचत असतील तर?

1884 मध्ये मिन्यनेट नावाची नौका बुडाल्यावर चार इंग्रज खलाशी छोट्या होडीत समुद्रावर अडकले. अन्न संपलं. दोघांनी, डडली आणि स्टीफन्स यांनी, रिचर्ड पार्कर या आजारी पोऱ्याला मारलं आणि तिघं त्याच्या मांसावर जगले. सुटका झाल्यावर खटला उभा राहिला. गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असा निकाल लागला. फाशीची शिक्षा झाली, ती कमी करून सहा महिन्यांची कैद झाली. मला यातल्या दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात. कृत्य चूक ठरलं. आणि ज्या हालांत ते घडलं त्याकडे पाहून माणसांवर दया केली गेली. होडीतला सगळ्यात दुबळा, ज्याला विचारलंही गेलं नाही, तोच निवडला गेला हे विसरू नका. असं 'गणित' करताना बहुतेक वेळा असंच होतं.

कृष्णेच्या 2019 च्या महापुरानंतर सांगलीहून याचंच दुसरं रूप विचारलं गेलं: होडी एक, माणसं दोन घरांच्या छपरांवर, आधी कुणाकडे जायचं? जिथे जास्त माणसं, लेकरं, आजारी, तिथे आधी जाणं योग्य. राहिलेल्यांना तुम्ही मारलं नाही. वाचवायला न पोचणं आणि स्वतःच्या हातानं ढकलून देणं यांत फरक आहे, निकाल तोच दिसला तरी.

13. बॉम्ब कुठे आहे ते फक्त पकडलेल्या माणसाला ठाऊक आहे. तरी छळ करायचा नाही?

नाही. छळाविरुद्धच्या 1984 च्या आंतरराष्ट्रीय करारात दुसऱ्या कलमात स्पष्ट आहे की युद्ध असो, आणीबाणी असो, कुठलीही अपवादात्मक परिस्थिती छळाचं समर्थन म्हणून पुढे करता येणार नाही. भारतानं 1997 मध्ये त्यावर सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. ती द्यायला हवी.

या प्रश्नातला प्रसंग सोयीनं रचलेला असतो: माणूस तोच, माहिती त्याच्याकडे आहेच, आणि मारलं की तो खरंच सांगणार. कोठडीत यांतलं काहीच नक्की नसतं. मार थांबावा म्हणून माणूस काहीही कबूल करतो. आणि एकदा अपवाद दिला की तो बॉम्बपुरता राहत नाही, मोबाईल चोरीच्या संशयितापर्यंत येतो.

14. कायद्यात असे निरपवाद नियम असतात का?

असतात. आपल्या संविधानात कलम 19 मधल्या भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. कलम 23 वेठबिगारीला बंदी करतं, पण सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा राज्याला ठेवतं. कलम 17 मात्र अस्पृश्यता नष्ट केल्याचं सांगतं, कुठल्याही रूपात ती पाळायला मनाई करतं, आणि पुढे 'परंतु' येत नाही. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीनंतर कलम 20 आणि 21 मधले हक्क आणीबाणीतही अंमलबजावणीपासून रोखता येत नाहीत.

15. सत्ताधाऱ्यांना राज्यासाठी वेगळे नियम लागतात, हे तरी खरं ना?

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशवाईतले न्यायाधीश. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. सत्तेवर आलेल्या राघोबादादांना रामशास्त्रींनी त्या खुनाबद्दल देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडलं. वेगळे नियम मागणाऱ्याला एवढं उत्तर पुरे आहे.

16. मुलगी जातीबाहेर लग्न करतेय. आई-वडिलांचं ऐकणं हा निरपवाद नियम नाही का?

नाही. आई-वडिलांचा मान राखणं, म्हातारपणी सांभाळणं ही कर्तव्यं आहेत. सज्ञान मुलीनं कुणाशी संसार करायचा, हा निर्णय त्यांत येत नाही. तुमची काळजी खरी असू शकते: मुलगा काय करतो, स्वभाव कसा आहे, व्यसन आहे का. ते जरूर विचारा. पण मुलाबद्दलचा तुमचा एकमेव आक्षेप त्याची जात असेल, तर प्रश्न 4 मधलं गोणपाट पुन्हा अंथरलं जातंय. भावकीतलं कुणी 'बघून घेतो' म्हणत असेल तर तुम्ही मुलीच्या बाजूनं उभं राहणं, हे या घडीला तुमचं पहिलं कर्तव्य आहे.

17. 'निरपवाद' म्हणणारी माणसंच कट्टर होतात, दंगे करतात. सापेक्षतावादी निदान कुणाला मारत तरी नाहीत.

ही भीती मला मनापासून कळते. पण कट्टर माणसाचे नियम तपासा. ध्वज, पोशाख, ताटातलं अन्न, पोथीचा शब्द, जातीची शुद्धता यांना तो निरपवाद करतो, आणि माणसाला इजा करणं मात्र त्याच्याकडे अपवादानं चालतं. उलट व्हायला हवं. त्याला अडवणारा नियमही निरपवादच लागतो, कारण अपवाद कसा काढायचा हे त्याला चांगलं जमतं.

18. वीस वर्षांपूर्वी सासरच्यांच्या दबावाखाली मी गर्भलिंग तपासणी करून गर्भपात केला. तुमच्या यादीप्रमाणे मी कायमची दोषी का?

मुलगी आहे म्हणून नको, हे जन्मावरून कमी ठरवणंच आहे, आणि ते चूक आहे. साताऱ्यात 2011 मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकारानं अडीचशेहून अधिक 'नकुशा' मुलींना नवी नावं दिली गेली. 'नकुशा', म्हणजे नको असताना झालेली मुलगी, हे नाव बारशाला ठेवणारी घरं आपल्याच आजूबाजूची होती.

पण चुकीचं ओझं कुणाच्या खांद्यावर, हा वेगळा प्रश्न आहे. 1994 च्या गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यातच असं गृहीत धरलं आहे की नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी स्त्रीला भाग पाडलं, उलट सिद्ध होईपर्यंत. कायदा करणाऱ्यांना तुमच्यासारख्या बाईची कोंडी ठाऊक होती. घराबाहेर काढू, दुसरी आणू, या धमकीखाली दिलेली संमती ही संमती नव्हे. कृत्य निरपवाद चूक असतं. माणसावर तसा शिक्का मारायचा नसतो. दोष सगळ्यात आधी ज्यांनी धमकावलं त्यांचा आणि ज्या डॉक्टरनं पैसे घेऊन मशीन लावलं त्याचा.

तुम्ही पत्रात लिहिलंय की आता सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेलेत आणि घरात पुन्हा तीच कुजबुज चालू आहे. तिच्याशी आज बोला. तुमच्यावर काय गेलं ते तिला सांगा, आणि तपासणीला न्यायची भाषा निघाली तर तिच्यासोबत उभ्या राहा. सोनोग्राफी केंद्राबद्दल संशय असेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडे तक्रार करता येते.